गुलाबावरचा कोळी

इरा, निहार,

व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला हसता, की आजी बोलता बोलता मध्येच कुंडीकडे वळते आणि पान उलटं करून बघते. मागच्या वेळी निहारने विचारलंच, "आजी, पानाच्या मागे काय लिहिलंय?" तेव्हा मी विषय बदलला, कारण उत्तर लांबलचक आहे आणि अर्धवट सांगणं मला जमत नाही. आता सांगते. या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. गेली काही वर्षं पानामागचे ठिपके मला दिसतच नव्हते. पानाला बोट लावून, खरखर लागली की समजायचं, असं चाललं होतं. डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर शिरूरच्या आपल्या मागच्या अंगणात गेले, गुलाबाचं पान उलटलं आणि तो चालताना दिसला, पानांचा रस शोषणारा लाल कोळी. खसखशीच्या दाण्याहून लहान, तांबूस, आपल्या कामात असलेला. त्याला इतक्या वर्षांनी स्पष्ट पाहिलं आणि मला माझी शाळा आठवली, दौंडचं क्वार्टर आठवलं आणि हिराआत्या आठवली. डोळे पुन्हा अधू व्हायच्या आत हे लिहून काढायचं ठरवलं.

आम्ही दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहत होतो. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, इंजिन ड्रायव्हर होते. कोळशाच्या इंजिनांचे दिवस ते. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि न्हाणीपासून तारेच्या कुंपणापर्यंत परसातली एक लांबट पट्टी. कुंपणापलीकडे रूळ, रुळांपलीकडे लोको शेड. शंटिंगच्या वेळी डबे एकमेकांना धडकत जायचे आणि तो आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळत गेल्यासारखा वाटायचा. पाहुणे दचकायचे, आईच्या हातातली चहाची गाळणीसुद्धा हलायची नाही. काजळी मात्र सगळ्यांना पुरून उरायची. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यावर ती, पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर ती, दह्याच्या सायीवर ती. आप्पा जेवताना म्हणायचे, "कोळसा कामावर बी खायचा आन् घरी बी." आईला दमा होता. बाजरीची भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची, भिंतीला हात लावून दोन श्वास घ्यायची आणि पुन्हा थापायला लागायची. आमच्या घरी रोज पिठलं किंवा आमटी, भाकरी आणि दाण्याची चटणी. ती चटणी आप्पांच्या डब्यात गेली की तिला इंजिनाच्या धुराचा वास लागायचा, आणि उरलेली परत आली की आम्ही भावंडं त्या वासासाठी तिच्यावर तुटून पडायचो.

हिराआत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. तिचं सासर शिरूरजवळ, घोडनदीच्या काठावरच्या गावात. मूलबाळ झालं नाही आणि नवराही लवकर गेला. ती "चार दिवस माहेरी" म्हणून आमच्याकडे आली ती एक ट्रंक आणि एक ओलं गोणपाट घेऊन. गोणपाटात गावठी गुलाबाच्या फांद्या होत्या. फिकट गुलाबी फूल, पाकळ्या पातळ आणि पुष्कळ, वास असा की बसमधल्या बाया विचारत होत्या म्हणे. आत्याने ट्रंक कोपऱ्यात ठेवली, पाणीसुद्धा न पिता मागे गेली आणि शेजारच्या क्वार्टरकडच्या तारेलगत त्या फांद्या एका रांगेत लावल्या. दुसऱ्या वर्षापासून ती गुलकंद करायला लागली. काचेच्या बरणीत पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर, पुन्हा पाकळ्या; तोंडाला फडकं बांधून बरणी उन्हात, आणि रोज एकदा लाकडी काडीने हलवणं. कॉलनीतले फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, उन्हाळ्यात ड्युटीवर चढण्याआधी आमच्या ओट्यावर येऊन चमचाभर गुलकंद तोंडात टाकायचे. भट्टीपुढे उभं राहणाऱ्या माणसाला त्याची किंमत कळते. स्टेशनाबाहेरचा पानवाला बरण्या घेऊन जायचा. त्यातून आत्या घरचं तेल आणि साखर भरायची आणि मान वर करून जेवायची. "भावाच्या घरात मी फुकट बसले न्हाई," हे वाक्य ती बोलून दाखवायची नाही, पण तिच्या पाठीच्या ताठपणात ते होतं.

आता माझं. मी मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते, इंग्रजीत बरी होते आणि मला पुढे शिकायचं होतं. घरात या गोष्टीला कुणाचा विरोध नव्हता, फक्त पहाटेचं पाणी, भाकऱ्या, दोन धाकटे भाऊ आणि आईचा दमा यांना कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे आत्या. आप्पा एकदा सहज म्हणाले होते, "आक्का हाय म्हणून शकूची शाळा चालू हाय." रागाने नव्हे, हवेबद्दल बोलावं तसं. माझ्या मनात ते वाक्य कायमचं बसलं. आत्या गेली की माझं दप्तर खुंटीला, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या वर्षी फाल्गुनात ऊन लवकर तापलं. आत्याच्या गुलाबांची पानं आधी नुसती मळकट दिसायला लागली. आम्हाला वाटलं, काजळी. मग पानावर सुईने टोचल्यासारखे पिवळट ठिपके आले, हिरवेपणा उतरला आणि एका सकाळी शेंड्यांवर बारीक जाळं चमकताना दिसलं. शेजारच्या क्वार्टरमधल्या थोरातकाकू मधल्या कुंपणावरून वाकून बघत होत्या. त्यांची भेंडी आणि वांगी आमच्या रांगेला अगदी लागून.

"काय गं हिरा, तुझ्या गुलाबांना मच्छरदाणी लावलीस का काय?"

"तांबडं पडलंय," आत्या म्हणाली. तिच्या गावाकडे त्याला तेच नाव.

"मग पावडर मार की. आमच्यात ढेकणाची पडलीय, देऊ का डबा?"

"खायचं फूल हाय ते, काकू."

"आता फूल कुठं राहिलंय? माझ्या भेंडीवर यायच्या आत उपटून तरी टाक."

काकूंनी स्वतःच्या भेंडीवर पावडर मारली. पांढरी शुभ्र. दोनतीन दिवस त्या ऐटीत होत्या. मग त्यांच्या भेंडीवर आमच्यापेक्षा जास्त जाळं आलं, आणि त्यांनी ते आमच्याकडूनच आलं असं साऱ्या कॉलनीला सांगितलं. खरं कारण मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळलं: त्या पावडरीने कोळ्याला खाणारे बारीक किडे मरतात आणि कोळी मात्र बहुतेक वाचतो. मग त्याला रान मोकळं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं, की पावडर मारलेल्या झाडाचं वाईट झालं.

त्याच आठवड्यात आत्याचे दीर बबनमामा ज्वारीचं पोतं घेऊन गावाहून आले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या बायकोला बाळंतपणं झेपत नव्हती, गोठ्यात जनावरं होती आणि घरात एक कर्ती बाई कमी पडत होती. चहा पिऊन ते मागे हात धुवायला गेले आणि रांगेकडे बघतच उभे राहिले. शेतकऱ्याचा डोळा, त्यांना सांगावं लागलं नाही.

"वैनी, ही तर चालली," ते म्हणाले. "आता हितं काय करायचं तुमी? अक्षय तृतीया झाली की येतो न्यायला. आपलं घर हाय की."

आई दारात उभी होती. आप्पा ओट्यावर बसून बूट पुसत होते, त्यांचा हात थांबला. आत्याने पदराला हात पुसले.

"झाडं जगली तर मी हितं, भावजी," ती म्हणाली. "गेली तर तुमच्या मागं येते. तुमाला दोनदा बोलवायला लागायचं न्हाई."

हे असं भावाला न विचारता बोलणं तिलाच शोभायचं. बबनमामा हसून बरं म्हणाले. झाडं जगतील असं त्यांना वाटलंच नाही. मी आत जाऊन पुस्तक उघडलं आणि एकाच ओळीवर कितीतरी वेळ बसले. मग पुस्तक मिटलं आणि मागे गेले. आत्या खाली बसून पान न् पान उलटत होती.

"पावसाळ्यात हे कवा दिसलंय का तुला?" तिने विचारलं.

"नाही."

"मला बी न्हाई. म्हंजी ह्याला पाणी सोसत न्हाई. कोरडं आन् धुळकट, तिथं ह्याचा संसार. चल, संसार मोडू त्याचा."

मी शाळेतल्या शास्त्राच्या बाईंकडून भिंग मागून आणलं. त्यातून पानाची खालची बाजू म्हणजे भरलेली वस्ती दिसली: चालणारे, बसलेले, आणि शिरांच्या कडेला काचेच्या मण्यांसारखी गोल अंडी. म्हणजे एकदा धुऊन भागणार नव्हतं. आजचे वाहून गेले तरी मागून अंडी फुटणार. मी आत्याला भिंग दिलं. तिने एक डोळा मिटून पाहिलं, "आई गं," म्हणाली आणि भिंग मला परत देऊन पुन्हा कधी मागितलं नाही. पण रोज धुवायचं हे तिने तिथेच ठरवलं.

धुवायचं कशाने? वरून तांब्याने पाणी ओतलं तर पानाची पाठ कोरडीच राहते. आत्याने माळ्यावरून रंगपंचमीची पितळी पिचकारी काढली. भावांनी आरडाओरडा केला, कारण रंगपंचमी दोन दिवसांवर होती. आत्याने त्यांना सांगितलं, यंदा गुलाबाशी खेळायचं. पिचकारी खालून वर धरायची, डाव्या हाताने फांदी वळवायची आणि जोराने मारायची. जास्त बिघडलेली पानं आधी हाताने खुडून डालड्याच्या डब्यात टाकायची आणि तो डबा सरळ चुलीत रिकामा करायचा, उकिरड्यावर नाही. बुंध्याभोवती ओलं गोणपाट. हा क्रम मी पाटीवर लिहून न्हाणीच्या भिंतीला टांगला. मला तेव्हापासूनच गोष्टी क्रमाने लागतात. तुमचा बाबा त्यावरून मला अजून चिडवतो.

अडचण पाण्याची होती. कॉलनीच्या नळाला सकाळी थोडा वेळ पाणी यायचं आणि त्यावर सगळ्यांचा हक्क. आम्ही तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी गाळून साठवायला लागलो. मी आंघोळ अर्ध्या बादलीत उरकायचे. तरी रांगेची दोन टोकं एका दिवशी व्हायची नाहीत, आणि जी बाजू राहिली तिथून जाळं पुन्हा सरकत यायचं. असं कितीतरी सकाळी चाललं. आप्पा येता-जाता बघायचे, काही बोलायचे नाहीत. त्यांना आम्ही काय करतोय ते पटत नव्हतं, आणि बहिणीने पाव्हण्यासमोर परस्पर शब्द दिला याचाही थोडा राग असावा.

आणि मग एका दुपारी ते शेडमधून आले ते दोन्ही हातांत वाफाळत्या बादल्या घेऊन. त्या काळी कॉलनीत इंजिनाचं गरम पाणी घरी आणायची पद्धत होती. बॉयलरमधून काढलेलं पाणी. त्यात कपडे भिजवले की सोडा-साबण न लावता मळ सुटायचा. आमच्या सगळ्यांच्या चादरी त्यातच निघायच्या.

"घे आक्का," आप्पा म्हणाले. "निवू दे रातभर. ह्यानं चादरीचा मळ जातो, कोळी काय जायचा न्हाई? आन् लागंल तेवढं आणतो."

आत्याचा चेहरा खुलला. भावाने आपण होऊन पुढे केलेला हात होता तो. सकाळी आप्पांनी धोतर वर खोचलं, पिचकारी स्वतः घेतली आणि सगळी रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिजवली, वर उरलेलं पाणी आळ्यांत ओतलं. भाऊ टाळ्या वाजवत होते. काकू कुंपणावरून म्हणाल्या, "ड्रायव्हरसाहेब, शिट्टी बी मारा की!" आणि आप्पांनी दोन बोटं तोंडात घालून खरंच शिट्टी मारली. पुढच्या दोन सकाळी त्यांनी तेच केलं.

त्यानंतर पानांच्या कडा तपकिरी झाल्या. आधी कडा, मग टोकं, मग पूर्ण पान चुरमुऱ्यासारखं कुरकुरीत होऊन गळायला लागलं. कोवळे शेंडे काळे पडून माना टाकून होते. कोळी गेला होता, पण पानंही गेली होती. काकू या वेळी मोठ्याने बोलल्या नाहीत; हळूच म्हणाल्या, "अगं बाई, इंजिनानं गुलाब भाजले." ते आम्हाला जास्त लागलं.

आत्या आत गेली. तिने ट्रंक ओढून मधोमध आणली, झाकण उघडलं आणि लुगडी घडी करून ठेवायला लागली. मी दाराशी उभी राहून बघत होते आणि माझ्या मनात लाज वाटावी इतका स्पष्ट विचार होता: माझी शाळा त्या ट्रंकेत भरली जातेय. आप्पा ड्युटीवरून आले तेव्हा आईने त्यांना पाणी दिलं नाही. आमच्या घरी असं कधी झालं नव्हतं.

"वन्सं निघाल्यात," आई म्हणाली. "तुमाला ठावं हाय का, त्या मनातून काय म्हणत असतील?"

"काय म्हणत असंल?"

"की भावानं मला घालवायला मुद्दाम केलं."

आप्पा टोपी हातात घेऊन तसेच मागच्या दारी गेले. मीही गेले. ते रांगेजवळ उकिडवे बसले, आळ्यातली माती उचलली आणि बोटात चुरडली. मातीवर पांढुरकी पापडी धरली होती. त्यांनी ती जिभेला लावली आणि थुंकले.

"खार," ते म्हणाले, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अरं मी ड्रायव्हर का कोण! बॉयलरात पाणी आटत ऱ्हातं आन् खार मागं ऱ्हातो, म्हणून तर मधनंमधनं शेडमध्ये बॉयलर धुवून काढतात. औषध घालतात त्यात. ते पाणी मी ह्येंना पाजलं."

ते उठून आत आले. आत्याच्या समोर उभे राहिले. माझ्या आप्पांना माफी मागायची सवय नव्हती. आवाज नेहमीपेक्षा चढाच होता.

"आक्का, ट्रंक बंद कर. बॉयलरात खार धरला तर आमी इंजिन भंगारात घालत न्हाई. धुतो. गोड्या पाण्यानं धुतो, साफ निघंस्तवर धुतो. तुझी झाडं बी धुवायची."

"पाणी कुठलं?" आत्याने मान वर न करता विचारलं.

"नदी आटली न्हाई अजून."

"आन् तू आणणार व्हय रं बाळू? साहेब माणूस तू."

"मी न्हाई तर कोण? शिव्या मग घाल, आदी झाकण लाव त्या ट्रंकेचं."

आत्याने झाकण लावलं. कुलूप नाही लावलं, तेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आप्पा सायकलला दोन डबे बांधून भीमेवर जायला लागले. ड्युटीवरून आले की आंघोळीआधी एक खेप, ड्युटीवर जायच्या आधी एक खेप. निळा कोट, काळे झालेले हात, आणि मागे डचमळणारे डबे. कॉलनीभर हसू झालं. शेडमधले लोक त्यांना "गुलाबाचा फायरमन" म्हणायला लागले. एकाने विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, प्रेशर किती झालं झाडाचं?" आप्पा म्हणाले, "ये सांजच्याला, तुझ्या डोक्यावर ओतून दावतो." त्यांनी सायकल एक दिवसही चुकवली नाही. आळ्यांत नदीचं पाणी भरपूर सोडायचं, ते खाली उतरून खार घेऊन जाऊ द्यायचं, आणि पुन्हा सोडायचं.

आत्याने विळा घेतला. तिने सगळ्या फांद्या गुडघ्याखाली छाटल्या. एवढ्या उन्हात छाटणी करायची नसते हे तिला माहीत होतं, पण भाजलेल्या फांद्या ठेवून उपयोग नव्हता. परसात फक्त खुंट उरले. त्यांवर तिने गोणपाटाची सावली केली. आईने धान्यात घालायला वाळवून ठेवलेल्या लिंबोळ्या दिल्या. त्या कुटून, फडक्यात बांधून पाण्यात भिजवायच्या, त्यात रिठ्याचं थोडं पाणी घालायचं म्हणजे ते पानाला धरून राहतं, आणि ऊन उतरल्यावर पिचकारीने मारायचं. पण त्यासाठी पानं तर यायला हवीत. रोज सकाळी आत्या गोणपाट वर करून खुंटांकडे बघायची आणि खाली टाकायची. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि शाळेत जायचे.

एका सकाळी तिने गोणपाट वर धरलं आणि खाली टाकलंच नाही. "शकू," तिने हाक मारली, "जरा ये गं इकडं." खुंटाच्या बाजूला तांबूस, तांदळाएवढा डोळा फुटला होता. मग दुसरा दिसला. सगळ्या खुंटांना नाही. काही मेलेच. पण बरेच फुटले.

कोवळ्या पानांवर कोळी परत आलाच. तो येणार हे आम्ही गृहीत धरलं होतं. लिंबोळीचं पाणी, धुणं, खुडणं, पुन्हा धुणं. मग एकदा भिंगातून मला मोहरीहून बारीक, काळा, चकचकीत किडा दिसला. काकू म्हणाल्या, "आता ही नवी ब्याद, मार." मी थांबले, बघत राहिले, आणि माझ्या देखत त्याने एक कोळी पकडून खाल्ला. मी आत्याला सांगितलं. तिने त्या दिवसापासून लिंबोळी बंद केली. "त्याच्या जेवणात आपण कशाला माती कालवायची," ती म्हणाली. धुणं चालू ठेवलं, तेही जरा जपून. काकूंनी नंतर भिंग मागून नेलं आणि त्यांच्या भेंडीवर तो काळा किडा शोधायला लागल्या. पावडरीचा डबा त्यांनी ढेकणांसाठीच ठेवला.

माझं आजचं वय आणि इंग्रजीतून केलेलं वाचन दोन्ही मला सांगतात, की यात चमत्कार काही नाही. धूळ झटकली, हवा ओलसर ठेवली, त्याच्या शत्रूला जगू दिलं, आणि कंटाळलो नाही. आता आपल्या रस्त्यावरून रांजणगावच्या कारखान्यांकडे दिवसभर ट्रक जातात, काजळीच्या जागी धूळ बसते, आणि तुमचा बाबा मला घरपोच मिळणाऱ्या कीटकनाशकाच्या बाटल्यांचे फोटो पाठवतो. मी त्याला दुखवत नाही. मी नळी लावते आणि पानांची पाठ धुते.

अक्षय तृतीया झाली आणि बबनमामा आले. आईने त्यांना पुरणपोळी वाढली, राखून ठेवलेली. जेवण होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. हात धुवायला ते मागे गेले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागून, अगदी भाऊसुद्धा. रांगेत मध्ये मध्ये जागा रिकाम्या होत्या. उरलेली झाडं वीतभर, दोन वीत उंच, भरगच्च पानांची. कळी एकही नव्हती.

"वैनी, ह्या काड्या," बबनमामा म्हणाले. "फूल कुठं हाय?"

"पान उलटं करून बघा, भावजी."

ते वाकले. एक पान उलटलं, अंगठा फिरवला. दुसरं उलटलं. मग रांगेच्या टोकापर्यंत वाकत वाकतच गेले आणि परत आले. ते काही बोलणार, इतक्यात आप्पा पुढे झाले.

"पाव्हणं, आक्का हितंच ऱ्हाईल. आन् झाडं मेली असती तरी ऱ्हायली असती. माझं घर हाय, मी सांगतो."

मला वाटलं, झालं, जिंकलो. पण आत्या भावाकडे वळली.

"न्हाई बाळू," ती म्हणाली. "मेली असती तर मी ऱ्हायले नसते. तू पाणी आणलंस, त्याला तोड न्हाई. पण मी ऱ्हाते ती ह्यांच्या जिवावर." आणि तिने रांगेकडे हात केला.

बबनमामांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट बसवली. ते शब्द मोडणारे नव्हते. म्हणाले, "वैनी, पावसाळ्यात चार फांद्या द्या. विहिरीवर लावतो. आन् ते धुवायचं कसं, ते आमच्या हिलाबी सांगा." संध्याकाळच्या बसने ते एकटेच परत गेले.

मी पुढच्या वर्षी मॅट्रिक झाले, मग पुण्याला कॉलेजात गेले, इंग्रजी घेऊन. आत्याने माझ्या ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध गुलकंदाची बरणी ठेवली होती. ती वाटेत सांडली आणि माझा एक ब्लाऊज कायमचा गुलाबी झाला. नोकरी लागून शिरूरला आले तेव्हा बबनमामांच्या विहिरीवरच्या झाडाच्या फांद्या आणून मी मागच्या अंगणात लावल्या. आत्या शेवटपर्यंत आप्पांच्याकडे राहिली, त्यांनी नोकरी संपल्यावर बांधलेल्या घरातही. दौंडची ती क्वार्टरांची ओळ आता नाही. मागे एकदा गेले होते. तिथे मोकळी जागा आहे आणि कुंपणाची तार नवी आहे. आप्पा, आई, आत्या, काकू, बबनमामा यांच्यातलं कुणी राहिलं नाही.

शिरूरच्या अंगणात गुलाब आहेत. त्यांच्यावर कोळीही आहे.